डाय-कटिंगची भेटकार्डे: मधली जाळी न सुटणे, पसरणारी शाई, फुटणारी घडी (कोल्हापूर)

कागदकाम

पणतीची जाळीदार डाय (कागद कापायचा धारदार साचा) आहे, पातळ धातूची, ९ सेंमी उंच आणि ८ सेंमी रुंद. मशीन हाताने फिरवायचे, सहा इंची. बाहेरची कड स्वच्छ कापली जाते, पण मधली जाळी कागदातच अडकून राहते. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आयव्हरी कार्ड. सँडविच नेहमीचेच: खाली प्लॅटफॉर्म, त्यावर प्लेट, मग धार वर करून डाय, त्यावर कागद आणि सगळ्यात वर दुसरी प्लेट. तीनदा फिरवले तरी तेच.

दुसरी अडचण रंगाची. काळ्या शाईचा ठसा उमटवून त्यावर अल्कोहोल मार्कर फिरवला की रेषा पसरते आणि पिवळ्यात काळपट झाक येते. तिसरी म्हणजे कार्ड दुमडले की घडीवर कागद फुटतो.

दिवाळीसाठी एकाच नमुन्याची ५० कार्डे करायची आहेत. प्रत्येक कार्डावर वेगळी खटपट करून चालणार नाही, एकदा बसवली की शेवटपर्यंत टिकेल अशी पद्धत हवी आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

उद्यमनगरी

आधी मशीनचे बघू. आत दोन रोलर आणि त्यांच्यामध्ये ठरलेली फट, एवढेच आहे. फट बदलता येत नाही, म्हणून दाब ठरतो तो सँडविचच्या एकूण जाडीवर. ०.१ मिमी कमी पडले तरी बारीक जाळी सुटत नाही. झेरॉक्सचा ८० जीएसएम कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, तोच शिम (जाडी भरून काढणारा थर) म्हणून वरच्या प्लेटवर ठेवा. एक घालून कापून बघा, कमी पडला तर दुसरा. तीनाच्या वर जायची वेळ आली तर शिम वाढवत बसू नका, प्लेट झिजली आहे. हँडल एकदम जड झाले तर जोर लावायचा नाही. उलट फिरवून सँडविच बाहेर काढा आणि एक कागद कमी करा. जोर लावला की प्लेट तडकते, नाहीतर गिअरचे दात जातात. प्लेटचा कर्रर्र आवाज मात्र नेहमीचा आहे, त्याने घाबरू नये.

मधलाच भाग का राहतो? रोलरला आधार दोन टोकांना असतो, त्यामुळे भार वाढला की मध्ये तो अगदी किंचित वाकतो. त्यात सगळे जण डाय प्लेटच्या बरोबर मध्यावर ठेवतात, म्हणून प्लेटही तिथेच खोल गेलेली असते. दोन्ही मिळून पाव मिलिमीटरचा खड्डा सहज होतो. पूर्ण पानाचा शिम घातला तर कड जास्त दाबली जाते आणि मध्य कमीच राहतो. म्हणून जाळीच्या आकाराचा कागदाचा तुकडा कापून तेवढ्याच जागेवर ठेवा. डाय प्लेटवर थोडी बाजूला सरकवून आणि १०-१५ अंश तिरकी ठेवा. सरळ धार रोलरला समांतर आली की सगळा भार एका क्षणी पडतो, तिरकी ठेवल्यावर धार टप्प्याटप्प्याने आत जाते. डाय आणि कागद कमी चिकटाच्या टेपने एकमेकांना धरून ठेवा (वॉशी टेप चालते, सेलोटेप कागद सोलून काढते). एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा, मग ती जोडी ९० अंश वळवून पुन्हा एकदा.

प्लेटा दर कटला उलट्या करायच्या आणि वर-खाली बदलायच्या. एकाच बाजूने वापरल्या की केळीच्या पानासारख्या वाकतात. वाकलेल्या प्लेटमुळे कागद सरकतो आणि कटला दुहेरी कड येते.

पंचगंगाकाठ

उद्यमनगरींचे सगळे बरोबर, पण शिमच्या आधी कागद तपासायला हवा. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर ठेवलेला कार्डस्टॉक हवेतले पाणी ओढून घेतो. ओलसर तंतू धारेखाली तुटत नाहीत, वाकतात. कडेला केसाळ लव दिसली तर कारण दमट कागद हेच धरायचे. पॅक फोडल्यावर उरलेली पाने झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. कापायच्या आधी लागतील तेवढीच पाने जरा कोमट इस्त्रीखाली, वर साधे कापड घालून, फिरवून घ्या. मग सपाट जागी वजनाखाली थंड होऊ द्या. गरम असतानाच कापायला घेतली तर ती वळतात.

दुसरे म्हणजे जाळीला ३०० जीएसएम लागतच नाही. ३०० कार्डाच्या बैठकीला ठेवा, डाय-कटच्या थराला २०० ते २५० पुरे. बारीक नक्षी जितकी दाट तितका कागद हलका घ्यायचा. फार झाले तर १६० जीएसएमचे दोन कट एकावर एक चिकटवा. कड जाड दिसते आणि डायलाही त्रास नाही.

हातकागदाबद्दल हौशी लोक नेहमी विचारतात. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती चिंध्यांचा कागद दिसायला देखणा असतो, पण त्याचे तंतू लांब. जाळीत ते अर्धे तुटतात, अर्धे लोंबतात. तो गोल, चौकोन, पाकिटाचा आकार अशा साध्या डायला किंवा कार्डाच्या मागच्या थराला वापरा. त्यावर मार्कर तर मुळीच नको, शाई चहूकडे पळते.

कागदकाम

कागद २२० वर आणला, जाळीपुरता शिमचा तुकडा ठेवला. जाळी आता सुटते, पण तुकडे डायच्या आतच घट्ट बसतात. टाचणीने एकेक काढताना ५० कार्डांना फार वेळ जाईल.

पंचगंगाकाठ

डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपर ठेवा. मेणाचा असेल तर उत्तम. मेण धारेला लागते आणि कट आपोआप सुटतो. दर सात-आठ कटनंतर बटर पेपरचा नवा भाग डायवर आणा. डायच्या पाठीमागे जी भोके असतात ती टाचणी घालून ढकलण्यासाठीच दिलेली आहेत, पुढून उकरू नका. उरलेली कणी काढायला जुना टूथब्रश लागतो: डाय स्पंजवर उलटी ठेवायची आणि वरून ब्रश मारायचा.

उद्यमनगरी

आणि अगदीच हट्टी जाळी असेल तर धातूचा शिम. ०.५ मिमी स्टेनलेसचा पत्रा, मशीनच्या प्लेटपेक्षा चारही बाजूंनी थोडा लहान, कडा फाईलने घासून गोल केलेल्या. उद्यमनगरात कुठल्याही शिअरिंगवाल्याकडे असा तुकडा कापून मिळतो. तो नेहमी डायच्या पाठीशी ठेवायचा. धार पत्र्याला टेकली की संपली. पत्रा घातला की कागदाचे सगळे शिम काढा आणि शून्यापासून मोजायला लागा.

नवी प्लेट कापून घ्यायची असल्यास पॉलिकार्बोनेट मागा. ॲक्रिलिक दिसायला सारखेच दिसते, पण दाबाखाली तडकते आणि तुकडे उडतात. मूळ प्लेट व्हर्नियरने कडेला मोजा, मध्ये ती घासलेली असते. ०.१ मिमीच्या आत जुळली पाहिजे.

रंकाळा

इथे लग्नपत्रिकांसाठी डाय पंचिंग करणारे आहेत. त्यांच्याकडून प्लायवुडवर पट्टी बसवलेली डाय बनवून घेतली तर ती या मशीनवर चालेल का? बाहेरून मागवलेल्या डायपेक्षा आपला नमुना करता येईल.

उद्यमनगरी

नाही चालणार. छपाईतली कटिंगची पट्टी २३.८ मिमी उंच असते. वर-खाली तीन-तीन मिलिमीटरच्या प्लेटा धरल्या तर ३० मिमीच्या आसपास जाते, आपल्या रोलरमधून ती जातच नाही. घरगुती मशीनच्या जाड डाय त्यापेक्षा बऱ्याच बुटक्या असतात. ५०० कार्डे असतील तर मात्र कापायचे कामच पंचिंगवाल्याला द्या, क्रीझही (घडीसाठी आधी दाबलेली खाच) त्याच फटक्यात बसते. ५० साठी परवडत नाही.

पंचगंगाकाठ

घडी फुटण्याचे राहिले. दोन गोष्टी आहेत: ग्रेन आणि क्रीझ.

कागदाचे तंतू एका दिशेने पडलेले असतात, तो ग्रेन. घडी ग्रेनला समांतर आली तर साफ बसते, आडवी आली तर फुटते. बाजारातला बहुतेक ए४ कार्डस्टॉक लांबीच्या दिशेने ग्रेन असलेला असतो. पान रुंदीत कापून दोन ए५ केले (२१० × १४८) आणि २१० ची बाजू १०५ वर दुमडली, तर घडी ग्रेनला समांतर येते. हेच पान उभे चिरून २९७ × १०५ केले आणि १४८ वर दुमडले, तर कार्ड त्याच ए६ मापाचे होते, पण घडी आडवी येते. दोन्ही प्रकारे एका पानात दोन कार्डे बसतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. खात्री करायची असल्यास पान हलकेच दोन्ही दिशांनी वाकवा, ज्या घडीला कमी विरोध होतो तिच्या रेषेची दिशा तीच ग्रेनची. ए४ पेक्षा मोठे शीट दुकानदाराकडून कापून आणले असेल तर हे बघितल्याशिवाय हात लावू नका.

क्रीझ मारताना बोन फोल्डर (घडी दाबायची बोथट पट्टी) किंवा शाई संपलेले बॉलपेन, खाली थोडे मऊ (जुने मासिक चालेल). खाच पडलेली बाजू कार्डाच्या बाहेर राहिली पाहिजे आणि मागे उठलेला कंगोरा आत. पुष्कळ जण खाचेकडे दुमडतात, त्याने बाहेरचा थर ताणला जातो. चकचकीत आर्ट कार्डाला तर क्रीझशिवाय दुमडूच नये, वरचे कोटिंग पांढरे फुटते.

रंगपेटी

आता रंग. रेषा पसरते आहे त्याअर्थी शाई सॉल्व्हंट किंवा पिगमेंटची असावी. अल्कोहोल मार्करखाली डाय शाई लागते, म्हणजे पाण्यातली रंजक शाई (कापायच्या डायशी तिचा संबंध नाही). मेमेंटो टक्सिडो ब्लॅक त्यासाठीच बरेच जण वापरतात. स्टेझऑनसारखी सॉल्व्हंटची शाई प्लास्टिकवर पक्की असते, पण मार्करमधले अल्कोहोल तिला सोडवते. जलरंगाला नेमके उलट: तिथे डाय शाई विरघळते आणि पाण्यात पक्की असणारी शाई हवी. एकच काळे पॅड दोन्हीकडे वापरू नका, डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

ठसे नसतील तर झेरॉक्सची रेषाही चालते. कॉपिक मार्कर १९८७ साली जपानमध्ये आले तेच मुळी झेरॉक्सच्या टोनरवर रंगवता यावे म्हणून. इंकजेटची रेषा मात्र पाण्याने ओघळते, जलरंगाला ती नको.

कॉपिकच्या क्रमांकाचा अर्थ कळला तर निम्मे काम होते. अक्षर म्हणजे रंगाचे घराणे. पहिला आकडा रंग किती मळका ते सांगतो (० उजळ, ९ राखाडीकडे). शेवटचा आकडा किती गडद ते सांगतो. एकत्र मिसळायचे मार्कर एकाच घराण्यातले, पहिला आकडा सारखा आणि शेवटच्या आकड्यात दोन-तीनचे अंतर. मातीच्या पणतीला ई१३, ई१५, ई१७. जोतिबाच्या गुलालाची छटा हवी तर आरव्ही०२, आरव्ही०४, आरव्ही०६ आणि अगदी खोल सावलीला आरव्ही०९. दुसऱ्या कंपनीचे स्वस्त मार्कर घेतले तर आकड्यांवर विसंबू नका, आपल्याच कागदावर सगळ्यांचा एकेक चौकोन रंगवून तक्ता करा. टोपणाचा रंग आणि उतरलेला रंग यांत बराच फरक असतो.

क्रम असा: फिकट रंग सगळीकडे, ओला असतानाच सावलीत गडद, मग मधल्या रंगाने त्यांची सीमा घासायची, शेवटी पुन्हा फिकट. रेषेच्या आत साधारण १ मिमी थांबा, शाई स्वतःहून पुढे सरकते. कागद पूर्ण भिजला आणि मागे डाग उतरला की थांबायचे, आणखी फिरवले तर रंग रेषेबाहेर जाणारच. पंखा बंद ठेवा, नाहीतर ब्लेंड होण्याआधीच सुकते, पण खिडकी उघडी असू द्या.

रंकाळा

मार्करचा खर्च ५० कार्डांसाठी जड जातो. रंगीत पेन्सिलींनी काम होणार नाही का?

रंगपेटी

होते, आणि पणतीसारख्या लहान आकृतीला छान होते. मेणाच्या पेन्सिली लवकर मिसळतात, पण जास्त थर दिले की काही दिवसांनी वर पांढुरकी साय येते. तेलाच्या पेन्सिलींना ती येत नाही, टोकही जास्त टिकते. हलक्या हाताने तीन-चार थर द्या आणि शेवटी बिनवासाच्या मिनरल स्पिरिटमध्ये कागदी स्टंपचे टोक जेमतेम बुडवून घासा. बेबी ऑइल वापरायचा सल्ला फिरतो, तो ऐकू नका. कागदात तेल उतरते आणि तिथे पुढे टेप चिकटत नाही. आयव्हरीच्या गुळगुळीत बाजूवर पेन्सिल घसरते, उलटी बाजू वापरा. मार्करला मात्र गुळगुळीत बाजूच हवी.

क्रम लक्षात ठेवा: ठसा, रंग, मग डाय. आधी कापून मग रंगवले तर कडेला शाई जमते. जलरंगाने कागद फुगतो, म्हणून तो पूर्ण सुकवून वजनाखाली सपाट केल्यावरच डाय मारा.

कागदकाम

एम्बॉसिंग फोल्डरबद्दलही सांगा. मागच्या पॅनेलला उठावाची नक्षी द्यायची आहे, पण कागद कंगोऱ्यांवर चिरतो.

पंचगंगाकाठ

इथे कोरडेपणाचा नियम उलटतो. कापायला कागद खडखडीत हवा, उठावाला किंचित दमट. दोन्ही बाजूंनी अगदी हलका फवारा, अर्धा मिनिट थांबा, मग फोल्डरमध्ये. खोल थ्रीडी फोल्डर जाड असतात, त्यांच्या सँडविचमधून कटिंगची एक प्लेट काढावी लागते, माप फोल्डरच्या पाकिटावर असते. बाहेर काढल्यावर तसाच सुकू द्या, वजन ठेवले तर उठाव बसतो. चकचकीत कोटिंगचा कागद फवाऱ्यानेही वाचत नाही.

अक्षरवेडी

शब्द कोणी घेणार आहे का? देवनागरी अक्षरे कापायला रोलरच्या मशीनपेक्षा क्रिकट, सिल्हूट कॅमिओसारखे संगणकी कटर बरे, तयार देवनागरी डाय कमीच मिळतात. शिरोरेषा हा आपला मोठा आधार आहे, पुष्कळदा सगळा शब्द एका तुकड्यात निघतो. ‘अभिनंदन’मध्ये अनुस्वार सुटा पडतो, तो १ मिमीच्या दांडीने शिरोरेषेला जोडा किंवा वेगळा चिकटवा. उलट बाजूने, म्हणजे कार्डातच अक्षरे कोरून पोकळ ठेवायची असतील, तर ‘व’, ‘ब’, ‘ढ’ यांचे पोट गळून पडते. तिथे पूल ठेवावे लागतात.

कटरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप करू नका, जोडाक्षरे आणि वेलांट्या तुटण्याचा धोका असतो. इंकस्केपमध्ये लिहा, अक्षरांचे पाथ करा, मग युनियन करून एकच आकृती बनवा आणि एसव्हीजी म्हणून काढा. युनियन विसरलात तर जिथे अक्षरे एकमेकांवर येतात तिथे सुरी आडवी जाते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. बालू किंवा मुक्ता या फॉन्टचा जाड प्रकार घ्या. रेषेची जाडी १.५ मिमीच्या खाली गेली की कटरच्या चिकट मॅटवरून उचलतानाच फाटते. उचलताना अक्षर ओढायचे नाही, मॅट उलटी करून मॅटच वाकवत सोडवायची.

रंकाळा

अक्षरवेडी ताई, लई कामाचे सांगितलेत. एवढी बारीक अक्षरे चिकटवायची कशी? गोंद बाजूला येतो.

अक्षरवेडी

कागदाच्या पाठीला आधीच दोन्ही बाजूंनी चिकट असलेली शीट लावा आणि मग कापा. अक्षर स्टिकर होऊनच निघते. कोल्हापुरी साजाची डाय असेल तर हाच उपाय. साजात २१ पाने, प्रत्येक पान आठ-दहा मिलिमीटरचे. सोनेरी मिरर कार्डावर त्यांना फेविकॉल लावायला गेलात तर कडेने पांढरा ओघळ आणि वर बोटांचे ठसे. मिरर कार्ड कापताना आरशाची बाजू धारेकडे ठेवा आणि बोटांऐवजी चिमटा वापरा.

मोठ्या तुकड्यांना फेविकॉल चालतो, पण टूथपिकच्या टोकाने ठिपके द्या. त्यात पाणी असते, पूर्ण पसरला तर पातळ कागद सुरकुततो. वर पुस्तक ठेवून २० मिनिटे सोडा.

रंगपेटी

सोनेरी रेषा हीट एम्बॉसिंगनेही येते. ठशाला व्हर्सामार्कसारखी चिकट पारदर्शक शाई, वर पावडर, जादा झटकायची, मग हीट गन. कागदावर आधी अँटिस्टॅटिक पिशवी फिरवली नाही तर दमट हवेत पावडर सगळीकडे चिकटते. मक्याचे पीठ पातळ कापडात बांधून केलेली पुरचुंडी तेच काम करते. गन हवेत काही सेकंद तापवून मग कागदाकडे न्या, थंड झोताने पावडर उडते. खालून उष्णता दिली तर सगळ्यात बरे. पावडर चमकली की लगेच पुढे सरका, जास्त तापवली तर ती कागदात मुरते आणि रेषा सपाट, तेलकट होते. मार्करचे काम हीट एम्बॉसिंगच्या आधी उरकू नका: गरम केल्यावर मार्करचे रंग बदलू शकतात. आधी सोनेरी रेषा, मग रंग.

उद्यमनगरी

किरणोत्सवावर कार्ड करायचे कोणाच्या मनात असेल तर मापे देतो. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे आत येतात, ते एकामागे एक कमानींतून दाखवायचे. ए६ च्या तीन चौकटी, २५० जीएसएम. एकात एक बसणाऱ्या कमानीच्या डाय: पुढची खिडकी ९० मिमी उंच, मधली ७८, मागची ६६. तळ तिन्हींचा एकाच रेषेत. चौकटींच्या मध्ये २ मिमी फोम टेप चारही कडांना सलग, मागे पिवळ्या ट्रेसिंग पेपरचा पडदा आणि त्यामागे पुन्हा फोम टेप. फोमच्या कडा बाहेरून दिसतात, म्हणून त्या चौकटीच्या कडेपासून १ मिमी आत. ट्रेसिंग पेपरला ओला गोंद लावू नका, त्याच्या लाटा होतात, फक्त टेप.

रंकाळा

हे पाकिटात कसे जाणार?

पंचगंगाकाठ

साधे सपाट ए६ कार्ड सी६ पाकिटात जाते (११४ × १६२ मिमी). एक फोमचा थर असेल तोवरही चालते. वरच्या कमानीच्या कार्डाची जाडी ८ मिमीच्या आसपास जाईल, त्याला पेटीसारखे पाकीट करा: मागे-पुढे ११० × १५३, चारही बाजूंना १० मिमीची भिंत, २०० जीएसएम, प्रत्येक वळणावर क्रीझ. टपालाने पाठवायचे तर पुढच्या खिडकीवर त्याच मापाचा पुठ्ठा टाकून मग पेटीत घाला, शिक्का मारताना कमान आत दबते.

कागदकाम, ५० कार्डांचा हिशोब: बैठकीला ए४ ची २५ पाने, चुकण्यासाठी ३ जास्त. पणतीला ए४ चे सहा तुकडे, प्रत्येकी १०५ × ९९, म्हणजे सहा इंचांत बसतात. ९ पानांत ५४ निघतात. सगळ्या बैठका आधी क्रीझ करून घ्या, मग सगळे ठसे, मग रंग, कापणी सगळ्यात शेवटी आणि तीही कोरड्या दिवशी.

कागदकाम

ठशाला मेमेंटो मागवतो आहे. २२० जीएसएमला कागदाचे दोन शिम आणि जाळीवर एक तुकडा, हे बसले. ९० अंश वळवायची गरज पडली नाही. प्लॅटफॉर्मच्या खालच्या बाजूला ही जाडी चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे.

उद्यमनगरी

त्याच पट्टीवर प्लेट कुठली, तेही लिहा. प्लेट बदलली की तो आकडा लागू पडत नाही.